गाळलेल्या ओव्या

दशरथभाऊ,

तुमच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी चिमूरला आईचे केस विंचरत होते. तो एवढंच म्हणाला, "बाई, भाऊ गेले." सकाळी जाळं धुऊन अंगणात वाळत घातलंत, खाटेवर टेकलात आणि पुन्हा उठला नाहीत. आईला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. दशरथभाऊ, पोथीवाले. आईनं माझ्या हातातून कंगवा काढून घेतला.

"मंग बसली काऊन? जा."

तीन गाड्या बदलून तुमच्या गावी पोहोचायला दुपार झाली. तोवर तुम्हाला नदीवर नेलं होतं. मी उशिरा आले आणि तुमचा चेहरा मला दिसला नाही, याचं दुःख आहेच. पण खरं सांगू? गाडीत बसल्या बसल्या मी रडत नव्हते. तुमच्याशी भांडत होते. सोळा वर्षं जे भांडण चाललं होतं तेच. मूल गावच्या स्टँडवर एका मुद्द्यावर मी तुम्हाला चांगलं अडवलंही होतं. मग लक्षात आलं की आता उत्तर यायचं नाही.

आपली ओळख नरकामुळे झाली. चामोर्शीच्या कॉलेजात मी मराठी शिकवत होते आणि पीएचडीसाठी विषय घेतला होता, मध्ययुगीन मराठी काव्यातलं नरकाचं आणि शिक्षेचं चित्रण. स्टाफरूममध्ये सगळे विचारायचे, "बाई, नरक कुठवर आला?" मीही हसायचे. मला त्या वर्णनांचा खरोखर नाद लागला होता. उकळत्या तेलाच्या कढया, तलवारीच्या पात्यांसारखी पानं असलेलं जंगल, रक्ता-पुवानं वाहणारी वैतरणी. ज्या कवींनी ईश्वराबद्दल लिहिताना तेच तेच शब्द फिरवले, त्यांची भाषा नरकात उतरली की जिवंत व्हायची. असं का होतं, हा माझा प्रश्न होता.

कुणीतरी सांगितलं की वैनगंगेच्या काठच्या एका गावात एका ढीवराकडे, म्हणजे मासेमारी करणाऱ्याकडे, जुनी हातानं लिहिलेली पोथी आहे, तिच्यात नरकाचा मोठा अध्याय आहे. मी आले. तुम्ही अंगणात जाळ्याची भोकं सांधत होतात. पोथी बघायचीय म्हटल्यावर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पोथी पाहाची नसते, बाई. आयकाची असते."

मग ऐकवा, मी म्हटलं. तर ते जमणार नव्हतं. पोथीतली बाकीची कथा श्रावणात वाचायची, पण नरकाचा अध्याय फक्त मयतीच्या घरी, पाचव्या दिवशी. एरवी तो भाग उघडायचा नाही, असा तुमच्या वडिलांचा दंडक होता. मी माझा मोबाइल नंबर कागदावर लिहून दिला आणि परत गेले. तीन महिन्यांनी तुमचा फोन आला. "बाई, या. उद्या पाचवा दिवस हाये." कुणी गेल्याचं ऐकून मला आनंद झाला होता, भाऊ. हे मी कुणाजवळ बोललेले नाही. तुम्हाला मात्र कळलं असावं, कारण त्या घरात शिरण्याआधी तुम्ही मला बाहेर थांबवून सांगितलंत की ही बाई गेली तिचं नाव गिरजा, तिला चार लेकरं, आणि तिच्या हातची झिंग्यांची भाजी अख्ख्या गावाला माहीत होती. वही पिशवीत ठेवून मी आत गेले.

त्यानंतर किती पाचव्या दिवसांना मी तुमच्या मागे बसले असेन. तुमचा आवाज काही गोड नव्हता. पण ओवी तुम्ही अशी सोडायचात, जशी नावाडी नाव काठाला लावतो, धक्का न बसू देता. तिथून परतताना आपण नदीकाठानं यायचो. अंधाराच्या आत मला शेवटची गाडी धरावी लागे, वाघाच्या बातम्या तेव्हाही होत्याच. त्या वाटेवर आपलं बोलणं व्हायचं. मला वाटायचं कवी इथलाच असावा. पोथीची पहिली आणि शेवटची पानं कसरीनं खाल्लेली, त्यामुळे नाव नाही, गाव नाही. पण त्याच्या नरकातली वाळू वैशाखात तापते तशीच तापते, पापी माणसाला बांबूच्या काट्यांतून ओढत नेतात, आणि वैतरणी पुरात आलेल्या नदीसारखी मधोमध फुगलेली आहे. दुसऱ्या पोथीतून पाहून लिहिणाऱ्याला हे फुगणं सुचणार नाही. तुम्ही हे ऐकून खूश झाला होतात. "आपल्या नदीवरचाच असन तो," म्हणालात. तो बसून लिहीत असेल अशी एक जागाही तुम्ही ठरवून टाकली होती, वडाखालच्या उतारावर.

एकदा मी विचारलं होतं की या कवीनं नरकाला एवढा मोठा अध्याय दिला आणि स्वर्ग चार ओव्यांत उरकला, हे कसं? तुम्ही चालता चालताच म्हणालात, "सुखाचं काय सांगाचं, बाई? पोट भरलं का मानूस झोपते." माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी हेच वीस पानं करून लिहिलं. तुमचं नाव घातलं नाही.

दुसऱ्या वर्षी तुम्ही मला पानांचे फोटो काढू दिलेत. तिथून आपलं बिघडलं. आता माझ्या हातात पाठ होता. तुम्ही वाचत असताना मी मोबाइलवर ओळ न् ओळ ताडून पाहू लागले आणि माझ्या ध्यानात आलं की तुम्ही ओव्या गाळता. मासे मारणाऱ्यांना यमदूत गळाला लावून लटकवतात, त्या नऊ ओव्या तुम्ही एकदाही वाचल्या नाहीत. नवऱ्याला सोडून गेलेल्या बाईची शिक्षा एका घरी वाचलीत आणि एका घरी नाही. दुसऱ्या घरची मुलगी माहेरी येऊन राहिली होती, हे मला फार नंतर कळलं. आधी मला वाटलं डोळे कमी झाले असतील. मग वाटलं जुने शब्द लागत नसतील. शेवटी मी विचारलंच.

"सोडतो ना," तुम्ही म्हणालात. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच तुमच्या दृष्टीनं.

मी चिडले. चारशे वर्षं टिकलेला पाठ आहे, म्हटलं, त्यातली एक मात्राही बदलायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही. कवी निष्ठुर असेल तर निष्ठुर दिसू दे. त्याच्या काळात कोण कोणाला पापी ठरवत होतं हे त्याशिवाय कळणार कसं? तुम्ही गाळत राहिलात तर शंभर वर्षांनी लोक म्हणतील की इथं सगळं गोडीगुलाबीचं होतं. मी बरंच बोलले. अजूनही त्यातलं एक अक्षर मागे घ्यावंसं वाटत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"तुमी पुस्तकासाठी वाचता, बाई. मी घरासाठी वाचतो. तिथी बसलेल्या मानसाचा बाप आताच जाळून आला असते. त्याचा बाप गळाले लटकला हाये, हे मी त्याले सांगू?"

मग अध्यायच वाचू नका, मी म्हटलं. तेही तुम्हाला पटलं नाही. म्हणालात, लोकांना भीती ऐकायची असते, तिच्याशिवाय रडू सुटत नाही. फक्त ती दुसऱ्याची असावी लागते.

हे वाक्य मला तेव्हा कळायला हवं होतं. ते न कळता मी प्रबंध पुरा केला, त्याचं पुस्तक झालं, आणि एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टीप घातली. परंपरेनं पोथी वाचणारे वाचक काही ओव्या अज्ञानापोटी गाळतात, असा पाठभेद विश्वसनीय मानता येत नाही. अज्ञानापोटी, भाऊ. तुम्ही मला कारण सांगितलं होतं. पण टिपेत ते कारण बसत नव्हतं. हा शब्द छान बसला.

पुस्तकाची पहिली प्रत मी तुम्हाला आणून दिली. तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतलीत, कपाळाला लावलीत आणि पोथीच्या लाल फडक्यात पोथीबरोबर बांधून ठेवलीत. मी तोंड धुवायच्या निमित्तानं न्हाणीकडे गेले.

त्याच्या पुढच्या वर्षी विलास गेला. माझा धाकटा भाऊ. पोस्टात होता, गाणी म्हणायचा, माणसांत हसायचा आणि घरी आला की खोलीचं दार लावून घ्यायचा. डॉक्टर झाले, औषधं झाली. आम्हाला वाटायचं बरा होतोय. एका सकाळी त्यानं स्वतःच स्वतःचं आयुष्य संपवलं. यापुढचं मी तुम्हालाही कधी सांगितलं नाही, इथंही सांगत नाही.

घरात माणसं जमली तशी कुजबुज सुरू झाली. अशा मरणाचं दहावं करायचं की नाही, तेरवी करायची की नाही. एक लांबचे नातेवाईक म्हणाले की अशा जिवाला गतीच नसते, तर विधी कशाचा? आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"तू त्याच्यावर पुस्तक लिवलं ना?" ती म्हणाली. "मंग सांग. त्याले कुठी नेलं असन?"

मला माहीत होतं. पान क्रमांकासकट माहीत होतं. आपण होऊन जीव देणाऱ्यासाठी कवीनं एक जागा केली आहे, जिथं आग नाही, कढई नाही, यमदूतही नाहीत. नुसता काळोख आहे आणि तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. मी लिहिलं होतं की कल्पनेच्या दृष्टीनं हे या अध्यायाचं शिखर आहे. चांगलं परीक्षण आलं होतं त्या भागाचं. मी अंगणात जाऊन तुम्हाला फोन लावला.

पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. पहाटे निघाला असाल. धुतलेलं धोतर, काखेत लाल फडकं. मला काही विचारलं नाहीत. विलासचा फोटो हातात घेऊन नीट पाहिलात, तो काय गायचा ते आईला विचारलंत, आणि पोथी उघडलीत. मी मागे बसले. या वेळी मोबाइल हातात नव्हता, पण मला आता सगळं पाठच होतं. ती जागा जवळ येऊ लागली. तुम्ही तिथं आलात आणि नेहमीसारखे, अलगद, पुढच्या ओवीवर गेलात. मी श्वास सोडला.

"भाऊ," आई म्हणाली, "तुमी सोडलं."

ती चिमूरला किती घरी पोथी ऐकायला बसली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पोथी दुसरी असली तरी त्या जागी काहीतरी असतं, हे तिला ठाऊक होतं.

तुम्ही थांबलात. "सोडलं, माय."

"वाचा. मले आयकू द्या. मी काई मरत नाई."

मला वाटलं तुम्ही तिला समजवाल. तुम्ही बोट मागे नेलंत आणि वाचलंत. सगळं. काळोख, ती न येणारी हाक, सगळ्या ओव्या, एकही शब्द न गिळता, आणि इतक्या हळू आवाजात की लांबच्या त्या नातेवाइकांना पुढे सरकावं लागलं. ज्या ओव्या मी शेकडो वेळा वाचल्या होत्या त्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. वाचून झाल्यावर तुम्ही पोथी मिटलीत. मग आईनं तोंडाला लावलेला पदर काढला. इतकं ऐकून तिच्या मनात उरला होता तो प्रश्न निराळाच होता.

"त्याच्या आधी ते नदी लागते म्हनतात. विलासले पोहता येत नोतं, भाऊ. लहानपनापासून पान्याले भ्याये."

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत आणि अगदी सरळ, जसं कुणी गावचा रस्ता सांगावा तसं म्हणालात, "नदी हाये तिथी ढीवर असनच, माय. आमच्या लोकायनं कोनाले पान्यात सोडलं नाई आजवर."

आई हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा, आणि हसता हसता जी रडायला लागली ती दुपारपर्यंत रडली. त्या दिवसानंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही की त्याला कुठं नेलं असेल. ती जेवू लागली. आज ती हयात आहे, भाऊ, आणि माझ्या हातून कंगवा हिसकावून घेण्याइतकी ठणठणीत आहे.

मी तुमचे आभार मानले नाहीत. तुम्ही चहा घेतलात, तीनच्या गाडीनं परत जायला निघालात, मी स्टँडवर सोडायला आले. तिथं टिपेबद्दल बोलावं असं ठरवलं होतं. गाडी लागली, गर्दी झाली, राहून गेलं. पुढेही राहूनच गेलं. घरच्या प्रतीत मी तो शब्द पेन्सिलनं खोडला. पेन्सिलनं! दुसरी आवृत्ती काही निघाली नाही. तुमच्याकडे यायचे तेव्हा मी विषयापाशी पोहोचले की तुम्ही मरळ मासा यंदा तलावात किती कमी आहे ते सांगू लागायचात. मला वाटायचं, तुम्हाला ती टीप माहीतच नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं, असं म्हणून मी स्वतःला सोडवून घ्यायचे.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या घरीच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, तुमच्याशी जन्मभर संसार केलेल्या पार्वतीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ टेकले आणि सगळं सांगून टाकलं, टीप, शब्द, सगळं. निदान त्यांनी तरी मला बोलावं असं वाटत होतं. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "यायलेबी मालूम होतं."

मग त्यांनी सांगितलं. पुस्तक आलं तेव्हा त्यातली पुस्तकी भाषा गावाला नीट वाचून दाखवावी म्हणून तुम्ही शाळेच्या मास्तरांना घरी बोलावलंत. आधी एकदा तुमच्यापुरतं वाचून घेतलंत. मास्तर ती टीप वाचता वाचता अडखळले. तुम्ही ती पुन्हा वाचायला लावलीत. आणि संध्याकाळी मंदिरापुढे गाव जमायच्या आधी मास्तरांना सांगितलंत, "हे खालचं बारीक अक्षरातलं सोडून दे. बाईले अजून या गावात ये-जा कराची हाये."

पार्वतीबाईंनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि विचारलं की पाचव्या दिवशी वाचणार कोण? पुतण्याला अक्षर लागत नाही, मास्तरांची बदली झाली. "तुमीच वाचा," त्या म्हणाल्या. बाईमाणसानं वाचलं तर चालेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की आता चालवणाऱ्या त्याच आहेत.

काल वाचलं, भाऊ. तुमच्याच अंगणात. माझा आवाज चिरका आहे, ओवी नीट सुटत नाही, दोनदा पाणी प्यावं लागलं. समोर सगळं गाव. ज्यांनी जन्मभर मासे मारले ती माणसं आणि ज्यांनी ते टोपलीत घालून बाजारात नेले त्या बाया. त्या नऊ ओव्या आल्या आणि मी अडले. शिकवण्याची सगळी वर्षं मला म्हणत होती की वाच. डोळे पुढच्या ओवीवर जात होते. दोन्ही जमेना.

तुमच्या बरोबरीचे नत्थूभाऊ, जे तुमच्यासोबत नदीत डोंगा घेऊन जायचे, ते खांबाला टेकून बसले होते. "सोडून दे ना, बाई," ते म्हणाले. "आमाले पाठ हाये ते."

दोघेतिघे हसले. पार्वतीबाईही हसल्या. मी पुढच्या ओवीवर गेले.

वाचन झाल्यावर नत्थूभाऊंनी सांगितलं ते तुम्ही मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत. तुमचे वडील पोथी पूर्ण वाचायचे, त्या नऊ ओव्यांसकट, आणि गाव मान खाली घालून ऐकायचं. ते गेल्यावर त्यांच्याच पाचव्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा वाचायला बसलात. तुमचा बाप, आयुष्यभर जाळं टाकलेला, आणि पुढ्यात ते पान. तुम्ही तिथं आलात आणि पान उलटलंत. "आमी सारे एकमेकाकडे पाह्यलं," नत्थूभाऊ म्हणाले. "कोनीच काई बोललं नाई. तवापासून नाई बोललं."

म्हणजे तुम्ही कुणापासूनच काही झाकत नव्हतात. सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला वाटत होतं की मूळ पाठ माझ्या एकटीकडे आहे.

एका गोष्टीत मी अजूनही हटणार नाही. पोथी छापायची झाली तर पूर्ण छापीन, नऊच्या नऊ ओव्या घालून, आणि कुणी कुणाला नरकात घातलं होतं ते लोकांना दिसू देईन. खाली टीपही असेल. तुमच्या नावाची, तुमच्या कारणासकट. त्यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं आता माझ्याकडेच राहणार.

पोथी पार्वतीबाईंच्या घरीच आहे, तुमच्या जागेवर. आज निघताना शेजारच्या गावचा एक माणूस थांबला होता. त्याच्या घरी परवा पाचवा दिवस आहे, याल का म्हणून विचारत होता. मी येते म्हटलं. मग त्याला खाटेवर बसवलं आणि विचारलं, कोण गेलं, कसं गेलं, आणि घरात आता कोण कोण आहे.